आनंद जमा, अश्रू नावे

आपल्याकडे रडायला कारण लागते. हसायला लागत नाही. एखादा गृहस्थ नवी पेठेतून एकटाच हसत चालला, तर लोक फार तर त्याच्याकडे वळून बघतात, आणि 'पगारवाढ झाली असेल' किंवा 'साहेबाची बदली झाली असेल' असा मनाशी निकाल लावून आपापल्या वाटेने जातात. पण तोच गृहस्थ रडत चालला, तर पाच मिनिटांत पन्नास माणसे गोळा होतात. कोण गेले? पाकीट मारले का? पोरगा नापास झाला का? कारण कळेपर्यंत कुणी हलत नाही. सांगितलेले कारण पुरेसे वाटले तर रडायची परवानगी मिळते. नाही वाटले तर 'हात्तिच्या, एवढ्यासाठी रडायचं होय!' असा शेरा मारून अर्ज फेटाळण्यात येतो. थोडक्यात, रडणे म्हणजे आपल्याकडे कर्जाचा अर्ज आहे. सोबत कागदपत्रे जोडावी लागतात.

उपमा बँकेतली आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. बी. कॉम. होऊन वीस-बावीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला चंद्रसुद्धा रबरी शिक्क्यासारखा दिसतो. तेव्हा या लेखात अधूनमधून जमा-नावे येणार, हे आधीच सांगून टाकतो.

तर सांगत होतो रडण्याच्या परवानगीबद्दल. ही परवानगी मिळवणे सगळ्यांत अवघड कुणाला जात असेल, तर बाळंतिणीला. कारण तिच्या घरी आनंद अधिकृतपणे जाहीर झालेला असतो. पेढे वाटून झालेले असतात. बाळाचे फोटो चाळीस ग्रुपांवर गेलेले असतात आणि 'नाक वडिलांचं, हनुवटी आत्याची' अशी बाळाच्या चेहऱ्याची रीतसर वाटणीही झालेली असते. अशा वेळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतीण रडायला लागते. बाळ ठणठणीत. दूध येते आहे. नवरा, नवऱ्यांना जितके चांगले असता येते तितका चांगला आहे. आणि तिला विचारावे तर ती म्हणते, "मलाच कळत नाही, का रडू येतंय." म्हणजे अर्ज आहे, पण कागदपत्र एकही नाही!

आता गंमत बघा. हीच मुलगी दोन-तीन महिन्यांपूर्वी रात्री बारा वाजता उठून 'मला कैरी पाहिजे' म्हणाली, तेव्हा तिला कुणी विचारले होते का, की 'कैरीच का?' नाही विचारले. सासरे बॅटरी घेऊन झाडाखाली गेले. डोहाळ्यांना आपल्याकडे नाव आहे, गाणी आहेत, सातव्या महिन्यातले जेवण आहे, फुलांची वाडी आहे, चांदण्यातला झोपाळा आहे. शरीरात उलथापालथ झाली की मन भलतेसलते मागते, हे आपल्या आज्या-पणज्यांना कुठलेही पुस्तक न वाचता ठाऊक होते. मग बाळंतपण झाल्यावर तीच उलथापालथ उलट्या दिशेने होते, तेव्हा मनाने भलतेसलते केले तर आपण स्पष्टीकरण का मागतो? डोहाळे कौतुकाचे आणि अश्रू अपशकुनाचे, हा भेदभाव कुठल्या कलमाखाली बसतो?

इंग्रजीत याला 'बेबी ब्लूज' म्हणतात. डॉक्टरी मराठीत याला लांबलचक नाव आहे. ते उच्चारेपर्यंत बाळंतिणीचे रडून होते. पण प्रकार साधा आहे. नऊ महिने अंगात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन नावाची दोन द्रव्ये चढत चढत गेलेली असतात. वार पडली की दोन-तीन दिवसांत ती धाडकन खाली येतात. नऊ महिने चढलेला शेअर बाजार तीन दिवसांत कोसळला, तर दलाल स्ट्रीटवरचे पोक्त पोक्त पुरुष डोके धरून बसतात. त्यांना कुणी 'आनंदी राहा' म्हणत नाही. इथे तर वर टाक्यांचे दुखणे आहे, छाती भरून आल्याची ठणक आहे, आणि दर दोन तासांनी उठवणारा नवा साहेब आहे. निम्म्याहून अधिक बायकांना पहिल्या आठवड्यात हे असे रडू येते आणि साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरते. म्हणजे न रडणारीच अल्पसंख्य. तरीही प्रत्येक घरात ही घटना जगात पहिल्यांदाच घडल्यासारखी साजरी होते.

आमच्या घरी ती गेल्या वर्षी एप्रिलात झाली. माझी पुतणी पुण्याला नोकरी करते. पहिल्या बाळंतपणाला सोलापूरला माहेरी आली होती. मुलगी झाली. सोलापूरचा एप्रिल ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. बाहेर त्रेचाळीस अंश, आणि आत बाजेखाली शेकाची शेगडी, ओव्याची धुरी, कानाला फडके. अशा परिस्थितीत कुणीही रडेल. मी तर नुसता दारातून डोकावलो तरी डोळे पुसत बाहेर आलो. पण घरच्यांना एवढे सोपे कारण पुरत नसते.

चौथ्या दिवशी सकाळी डिंकाचा लाडू समोर ठेवला आणि पोरगी लाडवाकडे बघून हमसून हमसून रडायला लागली. झाले! घरात चौकशी समिती बसली. सोलापूर हे चार भाषांचे गाव आहे, त्यामुळे चौकशीही चार भाषांत झाली. आमच्या आळीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशी चारही घरे आहेत. 'का?', 'याक?', 'एंदुकु?', 'कायकू?' हे चार शब्द त्या दिवशी आमच्या ओसरीवर इतक्या वेळा उच्चारले गेले की, ऐकणाऱ्याला भाषाशास्त्राची परिषद भरल्यासारखे वाटावे.

वहिनींचे म्हणणे, अळिवाची खीर टाकून देते म्हणून. शेजारच्या काकूंचे म्हणणे, दृष्ट. त्यांनी लगेच मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट आहे असे समजतात. इथे असा काही ठसका लागला की दृष्ट नसल्याचे निर्विवाद सिद्ध झाले आणि घरातली सगळीच माणसे रडू लागली. त्या दहा मिनिटांत मात्र पुतणीला कुणी कारण विचारले नाही. आमचे दादा म्हणाले, "हॉस्पिटलचं बिल मी भरलंय, ती कशाला रडते?" पलीकडच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ केवळ पाणी प्यायला आत आले होते. त्यांनी मोबाइलला दोष दिला. आणि एका लांबच्या मावशींनी पुतणीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हटले, "रडू नको गं, पहिली बेटी धनाची पेटी."

आता, मुलगी झाली म्हणून ती रडते आहे, असे कुणी म्हटले होते? कुणीच नाही. पण काही सांत्वने अशी असतात की, ती पोचल्यावर माणसाला आपल्यावर आरोप होता हे कळते. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या पेशीवर ठरते, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात छापलेली आहे. तरीही हे खाते असे विचित्र की, नोंद नवऱ्याने करायची आणि नावे टाकायची बायकोच्या. आमच्या बँकेत असे कुणी केले तर दुसऱ्या दिवशी मेमो येईल.

कारण शोधता शोधता लोक आरोपी शोधू लागतात, ही यातली खरी गोम. आणि घरात दुसरे कुणी सापडले नाही की आरोपी एकच उरतो. संध्याकाळी जरा सामसूम झाल्यावर पुतणीने मला हाक मारली आणि विचारले, "काका, खरं सांगा. बाळाकडे बघून मला काहीच वाटत नाही. नुसती भीती वाटते. सगळ्यांना आनंद झालाय, मलाच नाही. मी वाईट आई आहे का हो?"

प्रश्न भारी होता. बी. कॉम.ला हा विषय नव्हता. पण प्रश्न विचारणारी दोन उशांना टेकून बसली होती, तिच्या मांडीवर सव्वातीन किलोचा पुरावा झोपला होता, आणि 'साहेबांना विचारून सांगतो' हे काउंटरवरचे उत्तर इथे चालणार नव्हते.

आई झाल्याबरोबर आनंद झालाच पाहिजे, हे आपल्या डोक्यात आले कुठून? मी विचार केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आईबद्दल आपण जे जे वाचले, ऐकले आणि पाठ केले, त्यातले बहुतेक मुलांनी लिहिलेले आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली आली, १९५३ साली आचार्य अत्र्यांनी तिचा चित्रपट केला, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातली प्रत्येक आई त्या आईशी ताडून बघितली जाते. पुस्तक थोर आहे, मीही शाळेत असताना रडत रडत वाचले आहे. पण सांगणारा श्याम आहे. आपण चार दिवसांचे असताना आई कशी होती, हे श्यामला कसे आठवणार? तीच गोष्ट हिरकणीची. बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या त्या गवळणीची कथा पिढ्यान् पिढ्या सांगतात, एस.टी. स्टँडवर अंगावर पाजायच्या खोलीलाही तिचे नाव दिले आहे. पण ते बाळ जन्मले त्या आठवड्यात हिरकणीला कसे वाटत होते, हे कुणी विचारले नाही. मुलांना आठवायला लागते तोवर आई सावरलेली असते. त्यामुळे आईच्या चरित्रातले पहिले पंधरा दिवस कोरेच राहतात आणि त्या कोऱ्या जागेत आपण 'आनंदीआनंद' असे भरून टाकतो.

पाचवीच्या रात्रीचेच बघा. सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते म्हणून आपण पाटा मांडतो, कोरा कागद ठेवतो, लेखणी ठेवतो, रात्रभर दिवा तेवत ठेवतो. रडू सर्वांत जास्त येते तेही चौथ्या-पाचव्या दिवशीच. त्या रात्री घर जागे असते, म्हणजे बाळंतीणही जागी. पण तिच्यासाठी वेगळा कागद काही कुणी ठेवत नाही. तिचे काय ते आधीच लिहून झाले, असा सर्वांचा समज असावा.

असो. प्रश्न होता, वाईट आई कुणाला म्हणायचे? जर्मनीत कांट नावाचे एक मोठे तत्त्वज्ञ होऊन गेले. ते इतके वेळेवर फिरायला निघत की, त्यांना बघून गावातले लोक घड्याळे लावत असे सांगतात. म्हणजे बँकेत नक्की शोभले असते. त्यांनी १७८५ साली एका ग्रंथात असे मांडले की, मनाला आवडते म्हणून चांगले काम करणाऱ्याचे फारसे कौतुक करायचे कारण नाही. मन दुःखाने झाकोळलेले असताना, कशाचीच ओढ वाटत नसताना, केवळ करायला हवे म्हणून जो करतो, त्याच्या कामाला खरे नैतिक मोल. कांटसाहेब आजन्म अविवाहित होते. रात्री तीन वाजता बाळाला घेण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. पण त्यांनी केलेले वर्णन मात्र आमच्या माळ्यावरच्या खोलीतल्या मुलीला तंतोतंत लागू पडत होते. ती रडत होती आणि रडता रडता उठत होती. दूध पाजत होती, ढेकर काढत होती, ओले दुपटे बदलत होती. डोळ्यांतले पाणी बाळाच्या तोंडावर पडू नये म्हणून मान तिरकी करत होती. आनंदाने हे सगळे कुणीही करील. आनंद खात्यात शिल्लक नसताना जी देणी भागवते, तिला वाईट कसे म्हणता येईल? उलट तिची पत जास्त.

हे मी तिला माझ्या भाषेत सांगितले. तिने ऐकून घेतले आणि पुन्हा रडायला लागली. तत्त्वज्ञानाचा हा अनुभव जुनाच आहे.

मग आमची आई उठली. वय त्र्याहत्तर, दिवसभर ओसरीवर चाललेल्या परिषदेत तिने एकही शब्द काढला नव्हता. ती बाजेवर येऊन बसली, बाळाला आपल्या मांडीवर घेतले आणि म्हणाली, "ह्या तुझ्या काकाच्या वेळी मी दहा दिवस रडत होते."

"कुठे?" पुतणीने विचारले. तिने 'का' विचारले नाही, ही गोष्ट मला तेव्हाही नोंद घेण्यासारखी वाटली.

"न्हाणीघरात. घरात चौदा माणसं, कुठं रडणार? नळ सोडून ठेवायचा आणि रडायचं. पाण्याच्या आवाजात कळत नाही. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, सुनेला स्वच्छतेची भारी आवड आहे म्हणून."

"आणि कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? कारण विचारलं असतं की."

पुतणी रडता रडता हसली. मी मात्र तिथेच खांबाला टेकून उभा राहिलो. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी एखाद्याला कळावे की, आपण जन्मलो तेव्हा आपल्याकडे बघून आपली आई दहा दिवस रडली, तर त्याने काय समजायचे? माझ्याकडे बघून रडू यावे यात नवल नाही. महिन्याच्या एक तारखेला पेन्शनच्या रांगेतले बरेच लोक त्या बेतात असतात. पण तो विनोद झाला. मी मनातल्या मनात जुनी खातेवही काढली. पंचेचाळीस वर्षांच्या नोंदी. गोवरात उशाशी काढलेल्या रात्री. शाळेच्या डब्यातली शेंगाचटणी आणि तिच्यावरचे तुपाचे ठिपके. बँकेच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी हातावर ठेवलेले दही. खूप शोधूनही त्या दहा दिवसांची तूट पुढे कुठल्याही पानावर ओढलेली दिसेना. तिथल्या तिथे ती मिटली होती. मिटली कशी हे तिलाही सांगता येत नाही. "एक दिवस उठले, तर रडू आलं नाही," एवढेच ती म्हणते.

माया ही रोखीने येतेच असे नाही. कुणाची बाळाला पहिल्यांदा बघताच येते, कुणाची पंधरा दिवसांनी वटते. उशिरा वटलेल्या चेकचे पैसे काही कमी किमतीचे नसतात. पण तो वटेपर्यंत खातेदाराला लबाड ठरवायचे नसते, एवढा साधा सभ्यपणा बँकसुद्धा पाळते.

मला अस्वस्थ करून गेला तो न्हाणीघरातला नळ. आपल्या गावातल्या किती नळांनी किती बायकांचे हुंदके झाकले असतील? आणि ज्या वर्षांत नळाला चार-चार दिवसांनी पाणी आले, त्या वर्षांतल्या सुना रडायला कुठे गेल्या असतील?

माझे उत्तर बँकेतलेच आहे. प्रत्येक बँकेत 'सस्पेन्स' नावाचे एक खाते असते. एखादी रक्कम येते, पण ती कुठल्या खात्याची ते लगेच कळत नाही. अशा वेळी शहाणा कारकून आरडाओरडा करत नाही, शिपायावर आळ घेत नाही, आणि रक्कम खिशातही घालत नाही. तो ती सस्पेन्समध्ये जमा करतो आणि कामाला लागतो. बाळंतिणीचे रडू हे असेच घ्यावे. आले, नोंद झाली. कशापोटी आले त्याची चौकशी नको. तिला झोपू द्यावे. बाळ घटकाभर दुसऱ्याने सांभाळावे. गरम जेवण द्यावे. ती बोलली तर ऐकावे, नाही बोलली तर नुसते जवळ बसावे. बघायला येणाऱ्यांचा ओघ थोडा आवरावा. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला पंधरा दिवसांची रजा मिळते. या रडण्याची मुदतही साधारण तेवढीच. हा योग जुळून आला आहे, त्याचा बापांनी बाळाचे फोटो पाठवण्यापलीकडे उपयोग करावा.

पण सस्पेन्स खात्याचा दुसरा नियम पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो सांगितला नाही तर या लेखाने नुकसानच होईल. सस्पेन्समधली नोंद तिथे कायम ठेवायची नसते. मुदत उलटली की तपासनीस विचारतो, आणि विचारलेच पाहिजे. दोन आठवडे उलटले तरी रडू थांबत नाही, बाळ झोपले असतानाही झोप येत नाही, कशातच मन लागत नाही, आपण नालायक आहोत हे एकच वाक्य डोक्यात फिरते, तर ते मग बेबी ब्लूज राहत नाही. तो नैराश्याचा आजार असतो आणि त्याला डॉक्टर लागतो. आणि जगू नये असे वाटू लागले, बाळाला काही करावे असे विचार येऊ लागले, नाहीत ते आवाज ऐकू येऊ लागले, तर दोन आठवडे सोडा, दोन तासही थांबायचे नाही. त्या मुलीला एकटे ठेवायचे नाही आणि त्याच पावली दवाखाना गाठायचा.

हे क्वचित कुठे घडते असे समजू नये. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्याचा आजार असल्याचे त्यांना आढळले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. भूक, नवऱ्याची मारहाण ही कारणे त्यात होती, आणि मुलगा झाला की मुलगी यावर त्या कारणांचा जोर बदलत होता. पुढे २०१७ साली देशभरातल्या ३८ अभ्यासांची एकत्र बेरीज झाली, तेव्हाही आकडा २२ टक्के निघाला. म्हणजे पाचांत एक. तुमच्या आळीत या वर्षी पाच बारशी झाली असतील, तर हिशेब तुम्हीच करा. यावर उपचार आहेत, ते लागू पडतात, आणि अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे डॉक्टर देऊ शकतात.

हा आजार ओळखण्यासाठी एडिंबरोच्या डॉक्टरांनी १९८७ साली दहा प्रश्नांची एक यादी तयार केली. ती आज जगभर वापरतात. ती वाचून मला फार बरे वाटले. त्यात गेल्या सात दिवसांत कसे वाटले, एवढेच विचारले आहे. 'का' हा प्रश्न नाही. उलट, सबळ कारण नसताना काळजी वाटली का, सबळ कारण नसताना भीती वाटली का, असे त्यात धडधडीत विचारले आहे. म्हणजे कारण नसणे हे त्या कागदाने गृहीतच धरले आहे! कारणाशिवाय स्वीकारला जाणारा, माझ्या माहितीतला हा एकमेव अर्ज.

आणि डॉक्टरापर्यंत लगेच जाणे जमत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. ही सोय १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन, आणि सोलापूरकरांना सांगायला नको, तो आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचा १९१० सालचा जन्मदिवसही. परक्या मुलखात जाऊन अनोळखी माणसांच्या दुखण्यात राबलेला डॉक्टर ज्या गावाचा, त्या गावाने घरातल्या दुखण्यासाठी एक फोन करायला लाजू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आई झालेल्या बाईवर आनंदी असण्याचे कर्ज असते का? माझ्या मते नसते. बाळाची निगा राखणे हे कर्तव्य आहे, आणि तेसुद्धा तिच्या एकटीचे नाही. पण आनंद हा काही कुणाला हुकमाने काढून देता येत नाही. तो आला तर व्याज समजावे. मुद्दल म्हणून तगादा लावू नये.

हुकमाच्या आनंदाचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. यमुना नावाच्या एका मुलीचे लग्न झाल्यावर नवऱ्याने तिचे नाव ठेवले आनंदी. ही आनंदी चौदाव्या वर्षी आई झाली आणि तिचे बाळ दहा दिवसांत गेले. नाव काही त्या दहा दिवसांत कामाला आले नाही. तिने पुढे जे केले ते सर्वांना ठाऊक आहे. बायकांना आपले दुखणे बाईपाशी मोकळेपणाने सांगता यावे, म्हणून या देशात स्त्री डॉक्टर हव्यात, असे तिने १८८३ साली भर सभेत सांगितले, अमेरिकेला गेली, १८८६ साली डॉक्टर झाली, आणि प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. पुढच्याच वर्षी ती वारली. आनंदीबाई जोशांना दुखणे सांगायला दुसरी बाई हवी होती. आमच्या आईला नळ मिळाला. माझ्या पुतणीला तिची आजी मिळाली. दीडशे वर्षांत एवढी तरी प्रगती झाली म्हणायची.

पुतणीचे रडू दहाव्या दिवसापर्यंत टिकले आणि मग ओसरले. बाराव्या दिवशी बारसे झाले. पाळणा, घुगऱ्या, कानात कुर्र, सगळे यथासांग पार पडले. बाळंतविड्यात एकोणीस झबली आणि सात सोलापुरी चादरी जमल्या. सोलापुरात बाळंतविड्यात चादर देणे म्हणजे खवळलेल्या समुद्राला घागरभर पाणी नेऊन देण्यासारखे आहे, पण लोक देतात. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले तेव्हा पुतणी मोठ्याने हसली. का हसली, ते कुणी विचारले नाही.

नाव काय ठेवले ते इथे सांगत नाही. घरातली बाब आहे. आनंदी मात्र ठेवले नाही. ते पुढे तिचे तिने बघावे.